वीस अंशांची स्लीपिंग बॅग म्हणजे नेमकी किती उबदार?

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमध्ये एक ठरलेली धांदल सुरू होते. योसेमिटीची किंवा ताहोची कॅम्पसाइट कुणीतरी महिनोन्‌महिने आधी मिळवलेली असते. चार कुटुंबं जमतात, कोण पोहे आणणार, कोण बटाटेवड्याचं सारण घरून करून आणणार याची यादी होते. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांनाही न्यायचं ठरतं. आणि मग निघायच्या दोन दिवस आधी कुणाला तरी आठवतं, अरे, झोपायचं कशात?

मग दुकानात गेल्यावर समोर तीसेक बॅगा लटकत असतात आणि प्रत्येकीवर एक आकडा लिहिलेला असतो. ४०, ३०, २०, ०. आज त्या आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

पहिली गोष्ट, हा आकडा फॅरनहाइटमधला आहे. तुम्हाला-मला इथे राहून सवय झाली असेल, पण नुकतेच आलेले पाहुणे '२० डिग्री' वाचून पुण्याच्या हिवाळ्यातली छान रात्र डोळ्यांसमोर आणतात. वीस अंश फॅरनहाइट म्हणजे उणे सात सेल्सिअस. पाणी गोठतं ते ३२ ला. ४० म्हणजे साधारण साडेचार सेल्सिअस आणि ० म्हणजे उणे अठरा. मुलांच्या काकांनी किंवा आत्यांनी भारतातून बॅग आणली असेल, तर तिच्यावरचा आकडा बहुधा सेल्सिअसमध्ये असेल. तेव्हा नुसता आकडा पाहू नका, बाजूला 'एफ' आहे की 'सी' तेही बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २० अंशांची बॅग म्हणजे २० अंशांत तुम्हाला गाढ झोप लागेल अशी हमी नव्हे. चांगल्या बॅगा एका आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासल्या जातात, त्याचं नाव आयएसओ २३५३७. त्याआधी युरोपचं ईएन १३५३७ होतं, जुन्या बॅगांवर ते दिसेल. या तपासणीत एक माणसाच्या आकाराचा पुतळा असतो, त्याला आतून गरम करतात, थर्मलचे कपडे आणि मोजे घालतात, खाली पॅड अंथरतात आणि थंड खोलीत बॅगेत झोपवतात. त्याच्यातून किती उष्णता बाहेर जाते ते मोजून तीन आकडे काढतात.

पहिला 'कम्फर्ट'. एक प्रमाण स्त्री, मानकात ती २५ वर्षांची आणि ६० किलो वजनाची धरली आहे, ती या तापमानाला हातपाय सैल सोडून आरामात झोपू शकेल. दुसरा 'लोअर लिमिट'. एक प्रमाण पुरुष, तोही २५ वर्षांचा आणि ७३ किलोचा, अंगाची जुडी करून, पण कुडकुडल्याशिवाय झोपू शकेल. तिसरा 'एक्स्ट्रीम'. त्या स्त्रीला सहा तास कसाबसा जीव वाचवता येईल, पण हिमदंश होऊ शकतो, असा तो आकडा. झोपेशी त्याचा काही संबंध नाही. खरेदी करताना तो दिसला तरी विसरून जा.

आता गंमत बघा. बॅगेच्या नावातच जो आकडा असतो, तो पुरुषांच्या किंवा सर्वांसाठीच्या बॅगेवर बऱ्याचदा 'लोअर लिमिट'चा असतो, आणि स्त्रियांसाठीच्या बॅगेवर 'कम्फर्ट'चा. म्हणजे दोन्हींवर २० लिहिलेलं असलं तरी स्त्रियांची बॅग प्रत्यक्षात जास्त उबदार. या दोन आकड्यांमध्ये साधारण दहा-बारा अंशांचा फरक पडतो. नावात २० असलेल्या बॅगेचा कम्फर्ट ३०-३२ निघतो तो असा. तेव्हा आतलं लेबल किंवा दुकानाच्या पानावरचा तपशील उघडा आणि 'कम्फर्ट'चा आकडा शोधा. तो कुठेच दिला नसेल, तर बॅग मानकानुसार तपासलेली नसावी असं धरून चाला आणि नावातल्या आकड्यात स्वतःच दहा-पंधरा अंश मिळवा. मोठ्या गोदामछाप दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त बॅगांना हे हमखास लागू पडतं.

आणि तो प्रमाण पुतळा कोण आहे तेही लक्षात ठेवा. पंचवीस वर्षांचा, निरोगी. आपल्या तंबूत कोण आहे? सत्तरीचे बाबा, मधुमेह असलेल्या सासूबाई, सात वर्षांची मुलगी. त्यामुळे माझा सरळ सल्ला असा, जिथे जाणार तिथलं पहाटेचं अपेक्षित तापमान बघा आणि त्यापेक्षा निदान दहा अंश खालचा 'कम्फर्ट' असलेली बॅग घ्या. ज्येष्ठांसाठी आणि उपजतच थंडी वाजणाऱ्यांसाठी पंधरा. बॅग जास्त उबदार झाली तर चेन उघडता येते. कमी पडली तर रात्री दोन वाजता दुकान उघडं नसतं.

आता तापमान कुठलं बघायचं? इथे आपली बरीच मंडळी फसतात, कारण ते फोनवर जवळच्या गावाचं हवामान बघतात. डोंगरात दर हजार फुटांना साधारण साडेतीन अंश फॅरनहाइट थंडी वाढते, कोरड्या हवेत थोडी जास्तच. योसेमिटीची दरी ४,००० फुटांवर आहे. त्याच उद्यानातलं तुओलमी मेडोज साधारण ८,६०० फुटांवर. दोन्हीकडे पत्ता 'योसेमिटी'च. पण ऑगस्टमध्ये दरीत पहाटे पंचावन्नच्या आसपास असेल, तेव्हा वर मेडोजमध्ये चाळीसच्याही खाली गेलेलं असतं. खाली टी-शर्टवर गप्पा मारत बसलेल्या माणसाला वर सकाळी तंबूवर बर्फाची साय दिसू शकते. ताहो तलावाचं पाणीच सव्वासहा हजार फुटांच्या जवळपास आहे, तिथेही दिवसभर पोहून रात्री कानटोपी शोधावी लागते.

समुद्राकाठची गोष्ट वेगळी. बिग सर किंवा पॉइंट रेयेसला पारा फारसा उतरत नाही, उन्हाळ्यात पन्नासच्या आसपास घोटाळतो. पण धुकं! रेडवूडच्या झाडांवरून तर ते थेंबाथेंबानं गळत असतं. तिथे शत्रू थंडी नसून ओल आहे. दोन रात्रींत बॅग दमट होते आणि दमट झालेली बॅग आकड्याप्रमाणे वागत नाही.

आणि वाळवंट. जोशुआ ट्रीला बरेच जण थँक्सगिव्हिंगला किंवा नाताळात जातात, 'वाळवंट आहे, गरम असेल' म्हणून. दिवसा साठ अंशांचं सुरेख ऊन असतं, पण रात्री पाणी गोठतं. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की भराभर उष्णता सोडून देते. ढगांचं पांघरूण नाही ना वर! अशा स्वच्छ रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात उतरते आणि तिथेच साचते. म्हणून तंबूची जागा निवडायची मुभा असेल तर अगदी ओढ्याकाठी खोलगट जागेत लावू नका. थोडं वर, झाडांच्या आडोशाला लावा, फरक जाणवतो.

आता बॅगेच्या पोटात काय असतं ते बघू. दोनच मुख्य प्रकार आहेत. डाउन, म्हणजे हंसाची किंवा बदकाची मऊ आतली पिसं, आणि सिंथेटिक, म्हणजे पॉलिएस्टरचे तंतू. दोन्हींचं काम एकच, हवा अडकवून ठेवणं. बॅग ऊब तयार करत नाही, ऊब तुमच्या शरीराची, बॅग फक्त तिला जाऊ देत नाही. डाउनच्या बॅगेवर ६००, ७००, ८०० असा आणखी एक आकडा असतो, त्याला फिल पॉवर म्हणतात. एक औंस पिसं फुलून किती घन इंच जागा व्यापतात तो हा आकडा. जितका जास्त, तितकी कमी वजनात तेवढीच ऊब. पण नुसता ८०० आहे म्हणून बॅग जास्त उबदार, असं नाही. आत पिसं किती भरली आहेत तेही महत्त्वाचं.

डाउन हलकं, घडी केली की लहान होणारं आणि नीट सांभाळलं तर वीस-वीस वर्षं टिकणारं. तोटे दोन. महाग, आणि ओलं झालं की गोळा होऊन बसतं, मग त्यात ऊब उरत नाही. सिंथेटिक जड, जागा खाणारं, काही वर्षांत थोडं चपटं होणारं, पण स्वस्त, धुवायला सोपं, आणि ओलसर झालं तरी बऱ्यापैकी काम करणारं. पाठीवर सामान घेऊन जॉन म्युअर ट्रेलवर निघणाऱ्याला डाउनचा विचार करावाच लागतो. पण आपल्यातले बहुतेक जण गाडी तंबूपासून वीस पावलांवर उभी करतात. त्यांनी वजनाची चिंता कशाला करायची? गाडीतून कॅम्पिंग, लहान मुलं, समुद्रकाठचं धुकं, यात सिंथेटिकच बरी. शिवाय अनेक घरांमध्ये पक्ष्यांची पिसं वापरणं मनाला पटत नाही, त्यांनी संकोच करण्याचं काहीच कारण नाही, सिंथेटिकमध्ये शून्य अंशापर्यंतच्या बॅगा मिळतात. डाउन घ्यायचीच असेल तर 'रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड'ची खूण बघता येते. जिवंत पक्ष्यांची पिसं उपटायला त्या मानकात बंदी आहे.

इथे गोधडीचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. कुणाच्या तरी आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी इथल्या घरात असतेच, आणि 'आम्ही यावर थंडी काढली, तुमच्या बॅगा कशाला' हे वाक्यही असतंच. गोधडीमागचं तत्त्व अगदी तेच आहे, थरांमध्ये हवा अडकवायची. पण ती सुती. सूत घाम आणि दव पिऊन घेतं आणि लवकर वाळत नाही. देशावरच्या कोरड्या घरात ती उत्तम, सिएराच्या पहाटे ओल्या तंबूत मात्र तिच्यावर विसंबू नका. कोरड्या रात्री बॅगेवरून जास्तीचं पांघरूण म्हणून किंवा पॅडवर अंथरायला जरूर घ्या.

आणि अंथरायचं निघालंच आहे तर सांगते, अर्धी थंडी खालून येते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे अंथरूण पाहून बॅग घ्यावी लागते. आपण बॅगेवर झोपलो की आपल्या वजनानं खालचं भरण दाबलं जातं, त्यातली हवा जाते, आणि तो भाग जवळजवळ निकामी होतो. म्हणून खाली पॅड हवंच. वरच्या तीन आकड्यांची तपासणी करतानाही पुतळ्याखाली पॅड असतं, हे आठवा. पॅडची ऊब 'आर-व्हॅल्यू'मध्ये मोजतात. साध्या फोमच्या पॅडला २ च्या आसपास असते, उन्हाळ्यातल्या सौम्य रात्रीला ठीक. डोंगरात ३ ते ४ हवी. गोठणाऱ्या रात्रीला ५ किंवा जास्त. दोन पॅड एकावर एक टाकले तर दोघांच्या आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते, हे फार उपयोगी आहे. जुना फोमचा पॅड टाकू नका.

ज्यावर आपण सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो तो पाहुण्यांसाठीचा मोठा फुगवायचा एअरबेड मात्र थंडीत अगदी वाईट. दिसायला ऐसपैस, पण आत नुसती मोकळी हवा असते. ती खाली जमिनीपाशी थंड होते, वर येऊन तुमची उष्णता घेते, पुन्हा खाली जाते. रात्रभर हेच चालू. त्यावर घरचा कम्फर्टर घेऊन झोपलेले आई-बाबा पहाटे 'पाठ गारठली' म्हणतात ते याचमुळे. ज्येष्ठांना जमिनीवरून उठता येत नाही म्हणून एअरबेड नेणं भाग असेल, तर त्याच्या वर, म्हणजे अंग आणि गादी यांच्या मध्ये, फोमचा जाड पॅड किंवा घडी केलेली लोकरी ब्लँकेटं घाला. आणि वर कम्फर्टर नको, स्लीपिंग बॅगच.

आकाराचं थोडक्यात सांगते. ममी प्रकारची बॅग खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती, डोक्याला टोपी, कमी मोकळी जागा, म्हणून जास्त उबदार. चौकोनी बॅग ऐसपैस, पण तिच्यातली रिकामी हवा तापवायचं काम तुमच्याच शरीराला करावं लागतं. ज्यांना ममीत कोंडल्यासारखं होतं, कुशीवर झोपायची सवय आहे, त्यांच्यासाठी मधला चमच्याच्या आकाराचा प्रकार मिळतो. बॅगेत उताणं पडून टोपी आवळून बघा, खांदे दाबले जात असतील तर ती लहान आहे. नवरा-बायकोला दोन बॅगा जोडायच्या असतील तर एकीची चेन डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे हवी, आणि दोन्हींची चेन जुळणारी.

मुलांच्या बॅगेवरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नका. ते मानक मुलांच्या बॅगांसाठी नाहीच. मोठ्यांच्या बॅगेत मूल झोपवायचं तर पायाकडचा रिकामा भाग खाली दुमडून घाला, म्हणजे तेवढी हवा तापवावी लागत नाही. तान्ह्या बाळाला मात्र मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत किंवा सैल पांघरुणांत अजिबात झोपवू नका, गुदमरण्याचा धोका असतो. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर थंड डोंगरातली सहल पुढच्या वर्षीवर ढकला, असं मी स्पष्ट म्हणेन.

झोपताना काय करायचं? तंबू लागला की बॅग लगेच पिशवीतून काढून झटका आणि फुलू द्या, आयत्या वेळी काढली तर चपटीच राहते. दिवसभराचे कपडे बदला, मोजेसुद्धा, त्यात घाम असतो. कोरडे, सैल थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी. कपडे काढून झोपलं की बॅग जास्त उबदार लागते असं कुणी सांगेल, त्यात तथ्य नाही. मात्र इतकंही घालू नका की बॅग आतून ताणली जाईल. तोंड बॅगेत खुपसून श्वास घेऊ नका, त्या वाफेनं आतली बाजू ओली होते. तंबूची वरची खिडकी थोडी उघडीच ठेवा, नाहीतर चार जणांच्या श्वासाचं पाणी सकाळी छतावरून टपकतं. झोपायच्या आधी थोडं तुपाचं खा आणि बाथरूमला जाऊन या. कंटाळा करून रात्रभर दाबून ठेवण्यात काही अर्थ नाही. हां, उरलेला लाडू उशाशी ठेवायचा नाही! योसेमिटीत अस्वलं आहेत. खाणं, टूथपेस्ट, सुगंधी क्रीम, सगळं लोखंडी पेटीत.

गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवली तर फार बरं वाटतं. पण मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका बसलेला कळत नाही. त्यांनी बाटली मांडीशी, जाड कापडात गुंडाळून ठेवावी.

आता हे नीट ऐका. तंबूत शेगडी, कोळशाची ग्रिल, गॅसचा स्टोव्ह किंवा गॅसचा हीटर, काहीही पेटवायचं नाही. विझत आलेले निखारेसुद्धा आत न्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणजे चालतं, असंही नाही.

आणि ज्येष्ठांवर लक्ष ठेवा. वयाप्रमाणे थंडी जाणवण्याची आणि हुडहुडी भरून ऊब निर्माण करण्याची शरीराची शक्ती कमी होते. शिवाय आपली माणसं भिडस्त, 'मुलांची झोपमोड नको' म्हणून गप्प पडून राहतात. रात्री एकदा उठून त्यांना हाक मारा, मानेला, पोटाला हात लावून बघा. बोलणं जड झालं असेल, हातातून वस्तू निसटत असतील, गोंधळल्यासारखं वागत असतील, किंवा थरथर थांबूनही अंग गारच असेल, तर ते शरीराचं तापमान धोकादायक उतरल्याचं लक्षण आहे. यासाठी बर्फच पडायला हवं असं नाही, ओल्या कपड्यांत पंचेचाळीस-पन्नास अंशांतही हे होतं. ओले कपडे काढा, कोरडे घाला, छाती-पोट आधी उबदार करा, नीट शुद्धीत असतील तर गरम गोड चहा द्या, दारू देऊ नका. गाडी उघड्यावर असेल आणि धुराड्याच्या तोंडाशी काही अडथळा नसेल तर गाडीतला हीटर लावून आत बसवा. आणि ९११. डोंगरात फोन लागेलच असं नाही, म्हणून पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कॅम्पग्राउंडचा होस्ट कुठे राहतो आणि सिग्नल कुठे मिळतो ते बघून ठेवा.

शेवटचं, सांभाळण्याबद्दल. घरी आल्यावर बॅग दिवसभर पसरून वाळवा आणि मगच ठेवा, तीही त्या छोट्या आवळपिशवीत नाही. मोठ्या सुती पिशवीत सैल, किंवा कपाटात टांगून. वर्षभर दाबून ठेवलेल्या बॅगेचं भरण पुन्हा पहिल्यासारखं फुलत नाही. धुवायची वेळ आली तर समोरून उघडणारं मशीन, सौम्य साबण, डाउनसाठी मिळणारा खास साबण, आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही. डाउनची बॅग ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिस बॉल घालून फिरवा, म्हणजे गोळे सुटतात. दोन-तीन तास लागतात, घाई करू नका.

वर्षातून एकदाच जाणाऱ्यांनी विकत घेण्याआधी भाड्यानं मिळते का ते विचारावं, बाहेरच्या खेळांचं सामान विकणाऱ्या काही दुकानांत आणि काही विद्यापीठांत ही सोय असते. आणि नवी बॅग घेतलीत तर पावती जपून ठेवा, मागच्या अंगणात किंवा बाल्कनीत एक रात्र त्यात झोपून बघा. आई-बाबांनाही घरातच एकदा आत शिरून, आतून चेन उघडून बाहेर यायला सांगा. अंधारात, चष्म्याशिवाय ती चेन सापडत नाही, म्हणून तिच्या टोकाला एक जाड पांढरी नाडी बांधून ठेवा.